सहावं ताट

इंदूरच्या कुठल्याही जुन्या मराठी घरात जेवायला बसा, पोटभर जेवा, आणि हात धुवायला उठण्याआधी ताटाच्या काठाकडे एकदा नीट बघा. टिंबाटिंबांनी लिहिलेलं एखादं नाव दिसेल. 'चि. सौ. कां. अमुक हिस, मामा-मामीकडून सप्रेम.' मामा कोण, मामी कोण, आपल्याला ठाऊक नसतं. पण ते अक्षर कुणाचं, हे सुमन साळवी दोन हात लांबून सांगू शकते. उभट, ताठ, वेलांटीला पगडीसारखा डौल असेल तर ते तिच्या वडिलांचं, चिंतामणरावांचं. जरा गोलसर, घाईतही टापटीप असेल तर तिचं स्वतःचं. बर्तन बाजारातल्या एका शेठच्या दुकानाच्या ओट्यावर बसून या बापलेकींनी पन्नासेक वर्षं गावाच्या भांड्यांवर नावं घातली. वडील छिन्नी-हातोडीनं, टकटक करत. सुमन पुढे विजेच्या मशीननं, कुर्र करत. त्या भांड्यांबरोबर लग्नं लागली, मुंजी झाल्या, वास्तुशांती झाल्या. काही लग्नं मोडलीसुद्धा. नावं मात्र तिथेच राहिली. स्टील या बाबतीत माणसांपेक्षा चिवट.

गंमत अशी, की ज्या हातांनी सगळ्या गावाच्या ताटांवर नावं घातली, त्या हातांच्या घरी दिवाळीचा फराळ कधी ताटात आला नाही. तो यायचा वर्तमानपत्रात. कारण साळवी ख्रिस्ती.

१९७२ साली सुमन नऊ वर्षांची होती. स्नेहलतागंजात त्यांच्या दोन खोल्या. नळ सामायिक, जिना सामायिक, शेजारच्या आजोबांचा पहाटेचा खोकलाही सामायिक. दिवाळी आली की गल्लीत ताटांची रहदारी सुरू व्हायची. विणलेल्या रुमालाखाली चकल्या, करंज्या, अनारसे या घरातून त्या घरात जायचे. साळव्यांच्या दारापर्यंत येता येता मात्र त्या ताटाचं वाटेत काहीतरी व्हायचं आणि त्याचा कागद बनायचा.

"बाबा, आपल्याला ताट का नाही?" सुमननं विचारलं.

चिंतामणरावांनी चकलीखालचा तेलकट कागद उजेडाकडे धरला. "अगं, त्यांना नुसता फराळ मिळतो. आपल्याला फराळ आणि वर बातम्या. हे बघ, मानपुरला घाटात ट्रक उलटला. ड्रायव्हर सुखरूप आहे."

एरवी वडिलांच्या विनोदाला सुमन पोट धरून हसायची. त्या दिवशी हसली नाही. म्हणाली, "पण त्या ताटांवर नावं तुम्हीच घातलीत."

चिंतामणराव गप्प बसले. विनोदी माणूस गप्प बसला की घर फार मोठं वाटतं, दोन खोल्यांचं असलं तरी. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि डिसेंबर लागल्यावर दुकानातून सहा ताटं घरी आणली. नवी कोरी, जाड स्टीलची. शेठनं विचारलं, "साळवीजी, घरमें शादी है क्या?" हे म्हणाले, "तसंच समजा."

त्या सहाही ताटांच्या काठावर त्यांनी उभट अक्षरात नाव घातलं: 'चिं. साळवी, नाताळ १९७२.' सुमनच्या आईनं करंज्या केल्या, चकल्या केल्या, अनारसे केले. ख्रिस्ती घर असलं तरी मराठी. नाताळला करंजी नसेल तर प्रभूचा जन्म झाल्यासारखं वाटायचं नाही. आईनं विचारलं, "आणि ते घेणार का?"

"घेतील की. तोंडावर नाही कोण म्हणतंय?" चिंतामणराव म्हणाले. "प्रश्न त्याच्यानंतर आहे. कागद फेकून देता येतो. ताट परत आणून द्यावं लागतं. आणि परत आणताना ते रिकामं आणता येत नाही. ही रीत त्यांचीच आहे. मी नवीन काही मागत नाहीये."

सुमन सहा घरी सहा ताटं देऊन आली. दोन वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक, नाक वर.

पाच ताटं आठवडाभरात परत आली. तीन घरांनी चिमूटभर साखर घातली होती, तीही जरा लांबूनच टाकल्यासारखी ताटभर पसरलेली. एकानं दोन केळी ठेवली. कोपऱ्यावर राहणारे प्रतापराव तालमीतले गडी. ते स्वतःच ताट घेऊन आले, दारातच आणखी तीन करंज्या मागून खाल्ल्या आणि बायकोनं केलेल्या बेसनवड्या ठेवून गेले. चिंतामणरावांनी ती पाच ताटं पुसून फळीवर मांडली.

सहावं आलं नाही. ते समोरच्या सखुबाईंकडे गेलं होतं.

सखुबाई वाईट नव्हत्या, हे आधी सांगितलं पाहिजे. सुमनला ताप आला तर काढा त्याच पाठवायच्या. मातीच्या कुल्हडात, म्हणजे नंतर फोडून टाकता यायचा. पण त्या ताटानं त्यांना पेचात पकडलं. आपल्या स्वयंपाकघरातलं अन्न या ताटात घालायचं तर हात धजेना. रिकामं पाठवायचं तर रीत मोडते, आणि सखुबाईंनी आयुष्यात रीत मोडली नव्हती. घरात वापरायचं तर प्रश्नच नव्हता. शेवटी त्यांनी ते चिंचेनं घासलं आणि सगळ्या भांड्यांपासून लांब, वरच्या फळीवर एकटं ठेवून दिलं.

सुमन दर महिन्याला जायची. "काकू, आमचं ताट?"

"हो गं बाई, पाठवते."

"मी नेऊ का?"

"असं रिकामं नेऊ नये गं. पाठवते म्हटलं ना."

असं सात वर्षं चाललं. मग सखुबाई गेल्या, आणि ताट पाठवायचं राहूनच गेलं. चिंतामणराव मात्र अखेरपर्यंत आपली ताटं सहाच सांगायचे. कुणी मोजून पाच आहेत म्हटलं, की म्हणायचे, "सहावं समोर जेवायला गेलंय. पाहुणचार लांबलाय जरा."

सुमन मोठी झाली ती हे असं एक ताट कमी घेऊन. शाळेत मुली विचारायच्या, "तुमच्या देवळात पाव देतात, त्यानं पोट भरतं का गं?" मोठेपणी बायका विचारायच्या, "तुम्ही घरी, नात्यागोत्यात सगळं मराठीतच बोलता?" आणि हमखास एक वाक्य यायचं: "तुमचं मराठी किती छान आहे हो!" त्यावर सुमन हसून म्हणायची, "तुमचंसुद्धा."

वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा तिनं ओट्यावरची जागा घेतली. भांड्यांवर नावं घालणारी बाई बाजारानं पाहिली नव्हती. पहिले सहा महिने लोक भांडी कमी आणि तिलाच जास्त बघायचे. लग्न झालं ते पोस्टातल्या विजयरावांशी. नवरा शहाणा निघाला. म्हणाला, "कागदोपत्री काय व्हायचं ते होऊ दे, बाजारात साळवीच राहा. माझं आडनाव कुणी ताटावर वाचलेलं नाही." पुढे दोघांनी सुदामा नगरात प्लॉट घेतला, घर बांधलं. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले होते. चुना मारलेली हद्द बघायला सुमन गेली, तर समोरच्या प्लॉटवर नारळ फोडत कोण उभं? सखुबाईंची सून, शुभदा. एवढं इंदूर पसरलेलं, पण समोर राहायचं ते त्याच घराच्या.

शुभदाताई सासूपेक्षा मवाळ. बोलणं गोड, येणं-जाणं गेटपर्यंतचं. भाजीवाल्याशी घासाघीस दोघी मिळून करायच्या. विजयराव गेले तेव्हा शुभदाताई तीन दिवस चहा करून देत होत्या, सुमनच्याच घरात, सुमनच्याच कपांत. पण दिवाळीचा फराळ यायचा तो कागदी प्लेटमध्ये. जमाना बदलला तशी प्लेट चंदेरी झाली, काठाला नक्षी आली, एवढंच. आपल्या इंदुरात कचऱ्याची केवढी शिस्त! सुमन दर वर्षी ती प्लेट धुऊन, पुसून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची आणि कचरागाडीवाल्याला सांगायची, "जपून ने रे भिया, समोरच्यांचा मान आहे."

आणि दर नाताळाला ती स्टीलची ताटं पाठवायची. आधी सहा घरी, मग अकरा, मग एकवीस. नाव घातलेली. छत्तीस वर्षांत एक वर्ष चुकलं नाही. विजयराव गेले त्या वर्षीही नाही. शुभदाताईंकडून ताट परत यायचं ते साखर घालून. छत्तीस वर्षं साखर. सुमन म्हणायची, "एवढी साखर खाऊन मला मधुमेह झाला नाही, म्हणजे ती मनापासून दिलेली नसणार."

आता या गोष्टीचं शेवटचं वर्ष. म्हणजे २०२४.

डिसेंबरच्या अठरा तारखेला कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पडला. पाठवणारा परेश, शुभदाताईंचा मुलगा, रहिवासी समितीचा नवा सचिव. मजकूर असा: 'सर्व रहिवाशांना सूचित करण्यात येते की, २५ डिसेंबरनिमित्त कोणी खाद्यपदार्थ किंवा भेटवस्तू देऊन प्रलोभन दाखवत असल्यास ते स्वीकारू नये व समितीस कळवावे. सतर्क रहा.' खाली जोडलेले हात, सात-आठ अंगठे-बिंगठे.

कॉलनीत ख्रिस्ती घर एकच. सूचना सगळ्यांना, पत्ता एकाचा.

अर्ध्या तासात पुण्याहून सुमनच्या मुलीचा, प्राचीचा फोन आला. तिला कुणीतरी फोटो काढून पाठवला होता. "आई, यंदा राहू दे. प्लीज. लोक व्हिडिओ काढतात, ठाण्यात नेतात. तू एकटी असतेस."

"मी एकटी कुठे? एकवीस ताटं आहेत."

"आई, जोक नको करूस."

"जोक नाही करत गं." सुमन खुर्चीत टेकली. "मी नऊ वर्षांची होते तेव्हा सहा घरी ताटं नेली. सहातल्या पाच घरांना माझ्या वडिलांनी रीत पाळायला लावली. आज एकसष्टाव्या वर्षी मी घरात बसले, तर त्या नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगू? मेसेज आला होता म्हणून?"

प्राची म्हणाली, "निदान सकाळी लवकर जाऊन ये. कुणी उठायच्या आत."

"अजिबात नाही. दुपारी बारा वाजता जाणार. ऊन चांगलं असतं, नाव वाचता येतं."

दोन दिवसांनी परेश स्वतः आला. चाळिशी ओलांडलेला, टी-शर्टातून पोट पुढे, हातात दोन फोन. लहानपणापासून याच घराच्या ओसरीवर वाढलेला.

"काकू, तुम्ही गलत नका समझू. तुमच्याबद्दल नाहीये ते. जनरल आहे."

"बस. जनरल चहा घेणार का?"

परेश बसला. "माझ्यावर प्रेशर आहे हो. समितीत लोक आहेत ना. म्हणतात, कायदा आहे, खाण्यापिण्याचं प्रलोभन..."

"परेश, दर नाताळाला तू मागच्या दारानं यायचास. पहिली करंजी उभ्यानं खायचास, दुसरी बसून. सहावीच्या वर्षी सात खाल्ल्यास आणि इथेच ओकलास. त्या हिशोबानं तुझा सात वेळा बाप्तिस्मा झाला आणि एकदा परत निघाला."

"काकू, सिरीयसली."

"सिरीयसलीच सांगते. छत्तीस वर्षं या कॉलनीला करंज्या घालतेय. किती बाटले? एक नाव सांग. एकसुद्धा नाही. म्हणजे एक तर मी प्रलोभन दाखवत नाही, नाहीतर माझी करंजी अगदीच टाकाऊ आहे. दोन्हींतलं काय लिहिणार तक्रारीत?"

परेश चहा न संपवता उठला. दारात थांबून म्हणाला, "तुम्ही दिलंत तर मला ॲक्शन घ्यावी लागेल."

"घे. मी तुझं काम सोपं करून ठेवते."

त्या दुपारी सुमननं माळ्यावरून मशीन काढलं. बाजारातली बैठक सुटून चार वर्षं झाली होती. हल्ली लोक लग्नात पाकिटं देतात, पाकिटावर नाव घालायला कुणी लागत नाही. तिनं चष्मा लावला, टेबलावर टॉवेल पसरला आणि एकवीस ताटं एकामागून एक पुढे ओढली. कुर्र, कुर्र, कुर्र. दोन दिवस ते चाललं. प्रत्येक ताटाच्या काठावर, तळाला नाही, अगदी करंजी उचलताच दिसेल असं: 'सुमन साळवी, घर क्र. ११४. नाताळ २०२४. ताट परत करावे.'

पुरावा जमा करणाऱ्याला नाव-पत्ता शोधत बसायला लागू नये, एवढीच भावना.

पंचवीस तारखेला सकाळची उपासना आटोपून, पाळकसाहेबांना "शुभ नाताळ" म्हणून, अकराच्या रिक्षानं ती घरी आली. मोरपंखी साडी नेसली. बरोबर बाराला पहिली ताटं घेऊन बाहेर पडली. एका वेळी दोन ताटं, दोन हातांत, वर तिनंच विणलेले रुमाल. सगळी कॉलनी खिडकीत. आपल्याकडे सर्कस आली तरी इतकी शिस्तीत बघत नाहीत.

पाच दारं उघडलीच नाहीत. आत टीव्ही चालू, चपला बाहेर, माणसं जागच्या जागी गोठलेली. सुमननं प्रत्येक दारात सावकाश दहापर्यंत मोजलं आणि मोठ्यानं म्हणाली, "शुभ नाताळ हो! टीव्हीचा आवाज जरा कमी करा, कान जातील." आणि पुढे गेली.

सोळा घरांनी घेतलं. काहींनी इकडे-तिकडे बघत, चोरीचा माल घ्यावा तसं. नाशिकहून बदलून आलेली, कॉलेजात शिकवणारी संहिता मात्र बाहेर येऊन म्हणाली, "काकू, मी ग्रुप म्यूट केलाय. दोन जास्त देता का?"

वाटेत समितीतला अश्विन फोन समोर धरून उभा होता. व्हिडिओ चालू. सुमन थेट त्याच्यासमोर जाऊन थांबली, ताट तिरकं केलं. "नीट काढ. काठावरचं नाव आलं पाहिजे. ऊन चमकतंय, जरा डावीकडे ये. हं, आता फोकस कर." अश्विन खरोखरच डावीकडे सरकला. बावीस सेकंद फोकस केल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हुकूम पाळतोय. मग त्यानं फोन खिशात घातला.

शेवटचं दार समोरचं. शुभदाताईंनी उघडलं. मागे परेश, हाताची घडी घालून.

"शुभ नाताळ, शुभदाताई."

"हो," शुभदाताई म्हणाल्या आणि ताट घेतलं. काठावरचं वाचलं. "ताट परत करावे," त्या हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. दार लागलं.

परेशनं ॲक्शन घेतली. ठाण्यात जायचं ठरलं होतं, पण एकवीस करंजी-प्रकरणांचा जबाब कोण लिहून देणार यावरून समिती बारगळली. मग ग्रुपवर ठराव पडला: सर्वांनी ताटं रिकामी परत करावीत, व पूर्वीची काही भांडी राहिली असल्यास तीही शोधून परत करावीत. 'कोणतेही देणे-घेणे ठेवू नये.'

सव्वीसला सकाळी सुमननं गेट उघडलं तर नऊ ताटं एकावर एक रचून ठेवलेली. रिकामी. धुतलेली. तिनं ती उचलली. मोजली, पुन्हा मोजली. बावन्न वर्षांत इतकी रिकामी ताटं तिच्या दारात कधी आली नव्हती. सखुबाईंनीसुद्धा रिकामं पाठवायला नकार दिला होता.

पण दिवसभरात सहा ताटं माणसांबरोबर आली. संहिता शेवेचं पाकीट घेऊन आली, वर म्हणाली, "मला स्वयंपाक येत नाही, इंदुरात शेवेवर निभावून जातं." एकीनं पेरू दिले. दोघी-तिघींनी साखर, पण या वेळी वाटीभर, आणि लांबून टाकलेली नाही.

नऊ आणि सहा पंधरा. सोळावं नव्हतं. पुन्हा एक कमी, पुन्हा समोरचंच. सुमनला हसू आलं. बाबा असते तर म्हणाले असते, याही ताटाचा पाहुणचार लांबला.

सत्तावीस तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात शुभदाताई. गेटपर्यंतच्या नाही, दारातल्या. दोन हातांत दोन ताटं, दोन्हींवर रुमाल. मागे परेश, चेहरा उन्हात वाळत घातलेल्या कपड्यासारखा.

"आत येऊ का?" शुभदाताईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आल्या. टेबलावर ताटं ठेवली. एकावरचा रुमाल काढला. ते परवाचंच ताट, त्यात बेसनाचे लाडू. दुसऱ्यावरचा रुमाल काढला. गरम शिरा, वर तुळशीचं पान. त्या ताटाचा काठ झिजून मऊ झाला होता. सुमननं चष्मा लावायच्या आतच ओळखलं. वेलांटी पगडीसारखी.

'चिं. साळवी, नाताळ १९७२.'

सुमननं ताट जवळ ओढलं.

"ठरावासाठी यानं काल घरातली सगळी भांडी उलटीपालटी केली," शुभदाताई म्हणाल्या. "तुमचं काही राहिलंय का बघायला. सचिव ना, सुरुवात घरापासून. कुठेच काही सापडलं नाही. मग देवघरात बघितलं."

"देवघरात?"

"नैवेद्याचं ताट आहे ते आमचं." शुभदाताईंनी पदर नीट केला. "मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. सांगायला कुणी नाही. वरच्या फळीवर एकच ताट, सगळ्या भांड्यांपासून वेगळं ठेवलेलं, चिंचेनं घासून लख्ख. मला वाटलं, सोवळ्याचं असणार. आमच्या घरात वेगळं ठेवलेलं म्हणजे देवाचंच. दुसरं काही सुचलंच नाही हो. पहिल्या दिवसापासून नैवेद्य त्यातच दाखवला. गणपतीला, गौरींना, रोजचा वरणभात."

मागून परेश म्हणाला, "आई, बस ना."

"तू बस. खुर्ची घे." तो बसला.

सुमननं ताटाच्या काठावरून बोट फिरवलं. टिंबं बोटाला लागत होती. "पण नाव दिसलं नाही?"

"जेवणाऱ्याला दिसत नाही. घासणाऱ्याला दिसतं." शुभदाताई खाली बघत म्हणाल्या. "परेश वर्षाचा होता तेव्हा एकदा उन्हात घासताना दिसलं. तोवर तीन वर्षं देव जेवले होते. आता कुणाला सांगू? सांगितलं तर देवांचं प्रायश्चित्त, माझं प्रायश्चित्त, सासऱ्यांचा जीव जायचा. घासत राहिले."

"चाळीस वर्षं माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"आणि मला कागदाची प्लेट पाठवत होतात."

शुभदाताईंनी मान हलवली. "धीर झाला नाही."

"मला झाला होता," सुमन म्हणाली. "नऊ वर्षांची असताना. तुमच्या सासूबाईंच्या दारात सात वर्षं उभी राहिले मी."

बाहेर भाजीवाला मटार ओरडत गेला. एरवी दोघी एकदम धावल्या असत्या. सुमननं चमचा आणला, शिरा घेतला, खाल्ला. चांगला होता, वेलची जरा जास्त.

"मी रागावलेय," ती म्हणाली. "शिरा खातेय, पण रागावलेय. दोन्ही लिहून ठेवा."

"ठेवते," शुभदाताई म्हणाल्या. डोळे भरले होते. सुमननं ते पुसायला काही दिलं नाही.

मग ती परेशकडे वळली. "आणि सचिवसाहेब?"

"काकू, प्लीज ग्रुपवर नका टाकू. मी हात जोडतो."

"मी कशाला टाकू? तू टाकशील. तुझा मेसेज तू मागे घेशील. समितीनं विचारलं तर सांग, सचिवाच्या घरचे देव त्रेचाळीस वर्षं ख्रिस्ती ताटात जेवताहेत आणि एकही अजून रविवारी माझ्याबरोबर रिक्षात बसलेला नाही. तुमच्या देवांना जे पचतं, ते समितीला का पचत नाही?"

परेशनं दोन्ही फोनांकडे पाहिलं. तासाभरानं ग्रुपवर आलं: 'पूर्वीची सूचना रद्द समजावी. ताटांबाबत प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने निर्णय घ्यावा.' त्यावर तिघांनी ग्रुप सोडला. अश्विननं काहीच लिहिलं नाही. ती नऊ रिकामी ताटं आजही सुमनच्या फळीवर वेगळी ठेवलेली आहेत, आणि त्या नऊ घरांची यादी तिच्या डोक्यात पक्की आहे. पुढच्या नाताळाला तिथूनच सुरुवात करायची असं तिनं प्राचीला सांगून टाकलंय. प्राचीनं या वेळी राहू दे म्हटलं नाही. म्हणाली, "मी सुट्टी टाकते. सोळा नाही, एकवीसच्या एकवीस दारं उघडायला लावू."

जाता जाता शुभदाताई दारात घुटमळल्या. "सुमनताई, ताट तुमचंच. पण आज नैवेद्य दुसऱ्या ताटात दाखवला तर चुकल्यासारखं वाटलं. देवांना सवय झालीय."

त्या गेल्यावर सुमननं दार लावलं, ताट घासलं. मशीन अजून टेबलावरच होतं. तिनं वडिलांच्या ओळीखाली, त्यांचं अक्षर जराही न चिरडता, आपल्या गोल अक्षरात एक ओळ घातली: 'परत मिळाले, २०२४. सुमन.' मग ताट पुसून उजेडात धरलं. बापलेकीची अक्षरं पहिल्यांदाच एका काठावर आली होती.

डब्यात सात करंज्या उरल्या होत्या. तिनं सातही त्या ताटात मांडल्या, रुमाल घातला, चपला घातल्या आणि भर उन्हात रस्ता ओलांडला. अश्विन गेटाशी गाडी पुसत होता, त्याला म्हणाली, "काढायचाय का व्हिडिओ? नाही? बरं."

बेल वाजवली. परेशनं दार उघडलं. सुमननं ताट त्याच्या दोन्ही हातांत दिलं.

"नैवेद्याला घ्या, वापरा, काही हरकत नाही," ती म्हणाली. "पण परत करायचंय हं, परेशभिया. भरून. आणि या वेळी बावन्न वर्षं लावू नका."